अर्धा डेसिबल

"वीसपैकी नऊ," ऋतुजा अहिररावने पडद्यावरचा आकडा वाचला आणि जणू तो तिचाच अपराध असावा, तशी ती खाली मान घालून बसली.

संज्योत गायधनीने डोक्यावरचा हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. "म्हणजे नऊ चुकले?"

"नाही मॅडम. नऊ जुळले."

वीस प्रश्न, प्रत्येकाला दोनच उत्तरं: पहिला किंवा दुसरा. नाणं उडवत बसलं असतं तरी दहा जुळले असते. हा विचार खोलीतल्या तिघांच्याही मनात आला आणि तिघांपैकी कुणीही तो बोलून दाखवला नाही. तिसरा माणूस म्हणजे उपेंद्र, संज्योतचा नवरा. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी वायरींचं भेंडोळं सोडवत होता. ते भेंडोळं खरं तर मघाशीच सुटलं होतं.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत 'झंकृती' ही कंपनी 'कर्णफूल' नावाचे हेडफोन बनवत असे. कर्णफूलच्या प्रत्येक खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असायची, 'ऐकून पसंत: सं. गा.' शौकीन गिऱ्हाईक खोकं उलटं करून आधी ती ओळ बघायचं. हे सं. गा. म्हणजे कोणी दाढीवाले उस्ताद असावेत अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या सत्तावन्न वर्षांच्या, चष्मा सतत कुठेतरी विसरणाऱ्या संज्योतबाई होत्या. नवा नमुना तयार झाला की त्याचे दोन-तीन अवतार तिच्यापुढे यायचे. ती ऐकायची, वहीत लिहायची, आणि जो ती पसंत करील तोच बाजारात जायचा. २०१७पासून २०३८पर्यंत, एकवीस वर्षं, हे असं चाललं होतं.

त्याच कंपनीत उपेंद्र मोजमाप विभागाचा प्रमुख होता. त्याच्याकडे रबरी कानांचा एक पुतळा होता, नुसतं डोकं. कामगारांनी त्याचं नाव बंडोपंत ठेवलं होतं. बंडोपंतांच्या कानात मायक्रोफोन होते आणि त्यांनी ऐकलेलं सगळं आलेखावर उतरायचं. नवरा-बायकोत एकवीस वर्षं एकच वाद होता.

"बंडोपंतांना कान आहेत, मत नाही," ती म्हणायची.

"भाजीत मीठ तू चवीने घालतेस ते ठीक आहे. औषध चवीने घेतेस का?" तो म्हणायचा.

गंमत अशी, की एवढं भांडून झाल्यावर तिची पसंती आणि त्याचा आलेख बहुतेक वेळा एकाच नमुन्यावर येऊन थांबायचे. कंपनीत त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. मॅडमचा कान म्हणजे चालतंबोलतं मीटर, असं थोरले साहेब, म्हणजे ऋतुजाचे वडील आणि कंपनीचे संस्थापक, पाहुण्यांना सांगत.

आता ते नव्हते. ऋतुजा कंपनी बघत होती आणि तिने प्रतिश्रोता आणला होता.

हा काय प्रकार, ते सांगायला हवं. हेडफोनचा आवाज मोजता फार पूर्वीपासून येत होता. खर्जापासून तार सुरांपर्यंत सगळं वाजवायचं आणि कुठला सूर किती मोठा येतो त्याची रेघ काढायची. अडचण त्याच्या पुढे होती. प्रत्येकाच्या कानाची पाळी वेगळी, भोकाचा आकार वेगळा, आतल्या शंखातल्या नाजूक पेशींची झीज वेगळी. त्यामुळे एकच रेघ दहा जणांच्या कानांत दहा तऱ्हांनी उतरते. शिवाय जे ऐकू आलं ते आवडलं की नाही, हे कुठल्याच रेघेत नसतं. पण निरोगी कान नुसता ऐकत नाही. आवाज आत गेला की तो स्वतः एक अतिशय क्षीण आवाज परत बाहेर टाकतो. तो टिपून कुठल्या सुराला कान किती जागा आहे, याचा नकाशा काढता येऊ लागला. कानामागे चिकटवलेल्या पट्टीवरून मेंदूकडे जाणाऱ्या लहरी वाचता येऊ लागल्या. या दोन्हींत त्या माणसाच्या जुन्या आवडीनिवडींच्या नोंदी मिसळल्या, की संगणकात त्याच्या ऐकण्याची एक प्रतिकृती उभी राहायची. तिला कुठलाही आवाज द्या, तो माणूस त्याला काय म्हणेल ते ती आधीच सांगायची.

संज्योतच्या वह्यांत तीन हजारांवर नोंदी होत्या. तिचा प्रतिश्रोता झकास शिकला. कामगार त्याला धाकट्या मॅडम म्हणू लागले. धाकट्या मॅडमना चहा लागत नव्हता, सर्दी होत नव्हती आणि त्यांचा चष्मा हरवत नव्हता.

फक्त एक कायदा आडवा येत होता. कुणाच्या प्रतिकृतीला त्याचं नाव द्यायचं, तर त्या माणसाने समोर बसून परीक्षा द्यायची. वीसपैकी सतरा उत्तरं प्रतिकृतीच्या उत्तरांशी जुळली पाहिजेत, आणि मग त्याने लिहून द्यायचं, की ही प्रतिकृती माझीच आहे.

नऊ जुळली होती.

"मॅडम, दुसरा एक मार्ग आहे," ऋतुजा म्हणाली. तिला लहानपणी संज्योतने याच खोलीत खुर्चीवर उभं करून गाणी ऐकवली होती, त्यामुळे तिचा स्वर जरा जास्तच मऊ झाला होता. "कायद्यात तरतूद आहे. वयोमानाने श्रवण बदललं आहे आणि पूर्वीची पसंती हीच माझी खरी पसंती मानावी, असं तुम्ही लिहून दिलंत तर सतराची अट लागत नाही. सोमवारी कायद्याच्या कार्यालयातले लोक येतायत. तोवर विचार करा."

"पण माझ्या कानांची तपासणी तर ठणठणीत आली ना?"

"आली आहे. म्हणूनच मलाही कळत नाहीये."

संज्योतने उपेंद्रकडे पाहिलं. एरवी मोजमापाचा विषय निघाला की त्याला थांबवावं लागायचं. आज तो वायरींकडेच बघत होता.

तो शुक्रवार होता. शनिवारी संज्योत एकटीच प्रयोगशाळेत गेली. कपाटातून तिने कर्णफूलचे जुने नमुने काढले, जिंकलेले आणि हरलेले, जोड्याजोड्यांनी. शुक्रवारच्या परीक्षेत वापरलेल्या, गेल्या वर्षी आलेल्या नव्या स्वयंचलित स्विचबॉक्सला ते जोडले. हा डबा दोन्ही हेडफोनचा आवाज स्वतःच समान पातळीवर आणायचा आणि कुठला केव्हा वाजतोय ते कळू द्यायचा नाही. एकेकाळी हे सगळं उपेंद्र हाताने करायचा. बारा जोड्या ऐकून तिने पसंती लिहिली आणि जुन्या वह्या उघडल्या.

बारापैकी पाच. सात ठिकाणी तिने आज तोच नमुना उचलला होता, जो तिने स्वतः पूर्वी नापास केला होता. २०२६च्या वहीत एकाबद्दल तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बंद खोलीत बसल्यासारखं, गुदमरतं.' आज त्याच हेडफोनमध्ये तिला सारंगी इतकी जवळ वाटली होती, की तिने तो तुकडा तीनदा ऐकला होता.

ती गोंधळली. बाई चुकली असेल तर आज चुकली की तेव्हा? कान तोच, तपासणीत ठणठणीत. मग मधल्या मधे बदललं कोण?

शंका अशी चीज आहे, की एकदा घरात शिरली की ती सगळ्या खोल्या बघून घेते. संध्याकाळी संज्योतने चहा केला आणि पहिल्याच घोटाला तिला प्रश्न पडला, की आपल्याला आलं घातलेला चहा खरंच आवडतो, की आवडतो म्हणायची सवय आहे? रविवारी सकाळी दोघं मिसळ खायला गेली. काळा रस्सा की लाल, असं पोऱ्याने नव्हे, खुद्द मालकाने येऊन विचारलं, आणि ही बाई गप्प. नाशिककराला मिसळीचा निर्णय घेता येऊ नये, यापलीकडे घोटाळा तो काय राहिला!

"काळा," उपेंद्रने परस्पर सांगून टाकलं. "तुला काळाच आवडतो."

"कशावरून?"

"अगं, नेहमी तोच घेतेस."

"नेहमी तूच सांगतोस," ती म्हणाली आणि स्वतःच चपापली.

रस्सा चांगला होता. निदान तसा वाटला. पाव मोडता मोडता तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. या सगळ्यात नवी गोष्ट एकच होती, तो नवा डबा. जुना स्विचबॉक्स भंगारात निघाला तेव्हा उपेंद्रने तो घरी आणून माळ्यावर ठेवला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "तो डबा काढ."

"आज? कशाला?"

"मला बघायचंय."

उपेंद्र नको नको म्हणत होता. माळ्यावर धूळ आहे, वायरी सडल्या असतील, उद्या बघू. पण संज्योतने स्वतः स्टूल लावलं, तेव्हा त्याला चढावंच लागलं. दुपारी प्रयोगशाळेतून त्याच बारा जोड्या आणि वह्या आणून बैठकीत मांडल्या. पूर्वीसारखी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तो मागे, डब्यापाशी, मीटर घेऊन. एकेक जोडी वाजत गेली. "पहिला." "दुसरा." "दुसरा, अगदी नक्की."

संपल्यावर तिने वह्यांशी ताडून बघितलं. बारापैकी अकरा.

बाई अक्षरशः नाचली. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणी हसली. तिने लगेच ऋतुजाला फोनवर आवाजी निरोप पाठवला, "ऋतुजा, माझा कान शाबूत आहे! खोट तुमच्या त्या नव्या डब्यात आहे. उद्या सगळ्यांसमोर दाखवते. जुना डबा घेऊनच येते."

"संज्योत," उपेंद्र म्हणाला.

"बघितलंस? अकरा! आणि मला म्हणे वयोमानाने..."

"संज्योत, डबा बरोबर आहे."

"कुठला?"

"नवा."

त्याने मीटर टेबलावर ठेवलं. त्याचा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू उतरलं.

"मी आत्ता प्रत्येक वेळी एकाचा आवाज अर्धा डेसिबल वाढवत होतो," तो म्हणाला. "जो तू पूर्वी निवडला होतास, त्याचा."

माणसाच्या कानाला एक खोड आहे, आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी शिकवतात. दोन आवाजांतला एक किंचित मोठा असेल, अर्धा डेसिबल म्हणजे अगदी नखभर, तर कानाला तो मोठा वाटत नाही. तो चांगला वाटतो. अधिक स्वच्छ, अधिक भरलेला, अधिक जिवंत. म्हणून ऐकण्याच्या परीक्षेआधी मीटर लावून दोन्ही आवाज काटेकोर सारखे करतात. ते केलं नाही तर परीक्षेला काही अर्थ उरत नाही. झंकृतीत एकवीस वर्षांतली वीस वर्षं हे काम फक्त उपेंद्र करत होता.

"आत्ता," संज्योत सावकाश म्हणाली. "आणि पूर्वी?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळेल अशी नव्हे, पण कळलं.

"पहिल्या वर्षी तुला सर्दी झाली होती. आठवतं? थोरल्या साहेबांनी सांगितलं होतं, की ही बाई ऐकणार म्हणते तर बघू, नाहीतर परत पॅकिंगला पाठवू. दोन नमुने होते. एकाचा वरचा सूर इतका टोकदार होता, की अर्ध्या तासात डोकं धरलं असतं लोकांनी. आलेखावर सुळका दिसत होता. तू दोनदा तोच निवडलास. तिसऱ्या वेळी साहेब येऊन बसणार होते." तो थांबला. "माझा हात गेला नॉबकडे. अर्धा डेसिबल. तू बरोबर निवडलास. साहेब खूश झाले. तू किती खूश झालीस, ते मला अजून आठवतं."

"मग?"

"मग सवय लागली. अगदी खात्री असेल तेव्हाच करायचो. मीटर स्पष्ट सांगत असेल तेव्हा."

"किती वेळा?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"मोजलं नाही, संज्योत."

"तू?" ती उभी राहिली. "घरातल्या कढीपत्त्याची उंची लिहून ठेवणारा माणूस तू. तू मोजलं नाहीस?"

संज्योत स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काही नव्हतं, तरी तिने गॅस बंद आहे की नाही ते पाहिलं आणि परत आली. तिला रडू येत होतं आणि रागाने रडावं की लाजेने, ते ठरत नव्हतं. धाकट्या मॅडम कुणाची मुलगी होत्या, ते तिला आता समजलं. तिच्या कानांचा नकाशा आणि याच्या मीटरची पसंती, दोन्ही एकत्र कालवून त्यांना शिकवलं होतं. नोंदींत आवाज समान आहेत असंच लिहिलं होतं ना! बिचाऱ्या मशीनने ते खरं मानलं. तिनेही मानलंच होतं.

"म्हणजे मी कोण होते?" ती म्हणाली. "तुझ्या मीटरचा काटा?"

"नाही."

"लोक मला विचारायला यायचे, उपेंद्र. कॉलेजात भाषणाला बोलवायचे. कान कसा तयार करावा, यावर मी बोलायचे. आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचास."

"मला तू आणि मीटर दोघंही खरे हवे होतात," तो म्हणाला. "एक खरा ठरला की दुसरा खोटा पडणार, ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून मी... मधे थोडी जागा करत गेलो."

हे वाक्य ऐकून तिला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला. मग तोच बोलला.

"तेरा वेळा तू जुमानलं नाहीस."

"म्हणजे?"

"मी एकाचा आवाज चढवला आणि तरी तू दुसराच घेतलास. तेरा वेळा. एकदा तर मी पूर्ण एक डेसिबल चढवला होता. तू म्हणालीस, 'हा मोठा आहे, चांगला नाही. तो दे.' मला घाम फुटला होता."

"ते तेरा तुला आठवतात?"

"सगळे," तो म्हणाला, आणि वही न उघडता सांगत सुटला. २०१९चा, कानांवर लाकडी वाट्या असलेला. २०२२चे दोन. २०२३चा तो लहान मुलांसाठीचा. कुठल्या नमुन्यात आलेख काय म्हणत होता आणि तिने काय म्हटलं होतं, शब्दन् शब्द. त्यांतले पाच धो धो खपले होते. चार नमुने लोकांनी परत आणून दिले होते. बाकीचे आले तसे गेले.

ज्या वेळी त्याची युक्ती चालली, त्यांतली एकही त्याला मोजता येत नव्हती. जिथे ती त्याच्या हाताबाहेर गेली, ती प्रत्येक वेळ त्याला पाठ होती. संज्योतला हे ऐकून बरं वाटलं की अधिक वाईट, ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि नंतरही कधी सांगता आलं नाही.

"तेरा नोंदींवर मशीन काय शिकेल?" तिने विचारलं.

"काही नाही. निदान हजारभर लागतात."

सोमवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत कायद्याच्या कार्यालयातले एक गृहस्थ, ऋतुजा आणि ही दोघं होती. टेबलावर दोन अर्ज होते. एकावर नेहमीचा मजकूर होता, दुसऱ्यावर वयोमानाचा. आदल्या दिवशीच्या निरोपाबद्दल ऋतुजा काही बोलली नव्हती. संज्योत जुना डबा न आणताच आली, हे तिने पाहिलं होतं आणि तिला जे समजायचं ते ती समजली होती. म्हातारी माणसं शेवटी जरा हट्ट करतात, असा तो भाव होता. संज्योतला तो भाव लागला.

रात्री नव्हे, पहाटेही नव्हे, तर अगदी रिक्षातून येता येता तिने ठरवलं होतं, की सही करून टाकायची. वय झालं म्हणायचं. त्यामुळे उपेंद्रची तीस वर्षांची नोकरी वाचत होती आणि आपली एकवीस वर्षंही चौकटीत शाबूत राहत होती. तिने पेन उचललं. 'पूर्वीची पसंती हीच माझी खरी पसंती मानावी,' ही ओळ वाचली. पुन्हा वाचली. सारंगीचा तो तुकडा तिला आठवला, जवळचा, कानाला श्वास लागावा असा. तो तिला आवडला होता. परवाच आवडला होता. आणि ही सही केली की तो आवडणं कायद्याने चूक ठरणार होतं.

"मला हे लिहून देता येणार नाही," ती म्हणाली. "वयामुळे झालेलं नाही ते."

"मग कशामुळे, मॅडम?" ऋतुजाने विचारलं.

खरं सांगावं तर उपेंद्र बुडणार. न सांगावं तर आपण हट्टी म्हातारी. संज्योतने त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"माझ्यामुळे," उपेंद्र म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. उभं राहून, एखादा अहवाल वाचावा तसं, सर्दीपासून रविवारच्या बारा जोड्यांपर्यंत. कायद्याच्या गृहस्थांनी लिहिणं सोडून दिलं.

"पण सर," ऋतुजा म्हणाली, "लोकांना तर ते आवडत होतं. एकवीस वर्षं. मग त्यांना आवडलं ते काय होतं? मॅडमचा कान की तुमचा आलेख?"

"मला सांगता येत नाही."

"मॅडम, तुम्हाला?"

"मलाही नाही, बाळा."

नाव न देता प्रतिकृती वापरायला कायद्याची हरकत नसते, एवढं ते गृहस्थ म्हणाले. तेवढंच त्यांच्या हातात होतं. धाकट्या मॅडम राहणार होत्या. खोक्यावरची ओळ जाणार होती. उपेंद्रचं काय करायचं ते मला आज सुचत नाहीये, असं ऋतुजाने सरळ सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. त्याने प्रयोगशाळेच्या दाराचं कार्ड गळ्यातून काढून तिच्यापुढे ठेवलं. मॅडम, तुम्ही या, असं ती म्हणाली. कुठल्या कामावर, ते तिने सांगितलं नाही आणि संज्योतने विचारलं नाही.

घरी दोघं जेवली. चार वाजता संज्योतने माळ्यावरून उतरवलेला तो डबा पुन्हा बैठकीत ओढला. कपाटातून दोन हेडफोन काढले. ते कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचे होते, भेट म्हणून आलेले, अजून वेष्टनातले.

"हे तू मोजले आहेस?"

"नाही."

"नक्की?"

"वेष्टन तूच फाडलंस ना."

"मीटर कसं लावायचं ते दाखव."

उपेंद्रने दाखवलं. लाल वायर इथे, काळी तिथे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग नॉब. एकवीस वर्षांत तिने त्या मीटरला हात लावला नव्हता. ते त्याचं खातं, हे आपलं, अशी वाटणी होती. तिने दोनदा चुकीच्या ठिकाणी लावलं. तिसऱ्यांदा दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले. मग तिने खुर्ची फिरवून त्याच्या समोर घेतली.

"हात मांडीवर ठेव. मला दिसतील असे."

त्याने ठेवले. तिला वाटलं, की तो काहीतरी म्हणेल, निदान दुखावल्यासारखा बघेल. तो नुसता बसून राहिला, शाळेतल्या मुलासारखा ताठ. तिने हेडफोन लावला. एरवी ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची. आज उघडे ठेवले. त्याच्या हातांकडे बघत तिने पहिला ऐकला, बदलून दुसरा ऐकला, पुन्हा पहिला. फरक होता. कुठला बरा ते कळत नव्हतं. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. पूर्वी चटकन कळायचं आणि ते कळणं किती सुखाचं असायचं. आता नुसता आवाज होता आणि ती होती, आणि कुणी काही पुढे सरकवत नव्हतं. ती पंधरा मिनिटं ऐकत राहिली.

"दुसरा," ती शेवटी म्हणाली. आणि सवयीने विचारून गेली, "बरोबर?"

"मला माहीत नाही," उपेंद्र म्हणाला.

तिला एकदम भीती वाटली. तिने नवी वही ओढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'दुसरा.'